पहिला घोट

एका जंगलात, शके अठराशे ब्याण्णवच्या चैत्रात, मोहाची फुले गळत होती. मुलांनो, सरळ बसा. साल ध्यानात ठेवा.

तिथे पुनाजी अस्वलाचा गुत्ता होता. त्याच्या आज्याने बांधलेला. चार खांब, वर गवताचे छप्पर. नियम दोनच. छपराखाली कोणी कोणाला खायचे नाही. आणि प्रत्येकाने पहिला घोट खांबाच्या बुडाशी सांडायचा. का, ते आज्याने सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही. म्हणून गुत्ता तीन पिढ्या टिकला.

तिथे ससा आणि बिबट्या एकाच फळीवर बसत.

"आज अंगाने भरलेला दिसतोस रे," बिबट्या म्हणे.

"ते बाहेर बोल, दादा. आत नुसती पी."

बिबट्या आडवा झाला की ससा घरी जाई.

त्या चैत्रात शहर पाहिलेला कोल्हा आला.

"पुनाजीमामा, एवढी दारू मातीत? हा काय व्यवहार झाला?"

"आज्याची रीत आहे."

"आजा शिकलेला होता का?"

कोल्ह्याने खांबावर पाटी ठोकली : 'सांडू नये.'

खांबांखाली वाळवी राहत होती. रोजच्या घोटावर ती तीन पिढ्या झिंगून पडली होती. आता ती शुद्धीवर आली. शुद्धीवर येताच उद्योगी झाली. पंधरवड्यात तीन खांब फस्त.

छप्पर कलले. फळीवर ऊन आले. ससा सावलीत सरकला, तरी अर्धा उन्हातच राहिला. बिबट्याही सरकला.

"काय रे, उन्हात बसलेला आत धरायचा की बाहेर?" बिबट्याने विचारले.

"कोल्हेदादा, तुम्ही सांगा ना याला!" ससा ओरडला.

"समिती नेमू," कोल्हा म्हणाला आणि सर्वांत आधी बाहेर पळाला.

चौथा खांब करकरला. त्यातून एक म्हातारी वाळवी डोकावली.

"पुनाजी, तुझ्या आज्याने आमचे वारूळ मोडून इथे खांब रोवले. बदल्यात पहिला घोट आमचा, असा शब्द दिला. देणे थकलेय."

पुनाजीने सर्वांत मोठे मडके उचलले आणि खांबाच्या बुडाशी उपडे केले. सशाने आपला पेलाही ओतला. मग बिबट्याचा ओतला.

थोड्या वेळाने मातीतून गाणे ऐकू आले. मग घोरणे. खांब करकरायचा थांबला.

देणे फिटले.

तात्पर्य : दारू वाईटच. पण ती सुटल्यावर कोण कोण कामाला लागेल, ते आधी पाहून घ्यावे.