पाटीलकाकांचा बुधवार

आमच्या उलव्याच्या सोसायटीत पाटीलकाकांच्या मनगटाचा पट्टा बांधायच्या पाळ्या आहेत. सोमवारी वॉचमन, मंगळवारी जोशीकाकू, बुधवारी मी. पाळ्या काकांनीच वाटल्या, आम्हाला विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरून त्यांचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पट्टा राहिला. बुधवारी बरोबर सव्वाआठला माझी बेल वाजते.

"बाय, बांद जरा. जास्ती घट्ट नको, जास्ती ढिला नको."

मग मनगट फिरवून निकाल. जोशीकाकू लोणच्याच्या "बरनीला फडकं बांदल्यासारका" बांधतात, वॉचमन "होडी बांदल्यासारका". माझा बरा. मग त्यांचं शेत विमानतळाच्या कुठल्या टोकाला गेलं, दुबईचा मुलगा काय म्हणाला, हे सगळं दारातच. मी मान हलवते. लिफ्टमध्ये कोणी असेल तर दाराआड थांबणारी मुलगी मी. बोलायचं काम काकांचं, मला ते सोयीचं होतं.

एकदा याच काकांना तांदळाचं पोतं खांद्यावरून आणताना पाहिलं. हाताचं विचारलं तर म्हणाले, "दुसरा हात हाय ना."

मग महापेच्या ऑफिसात टाइप करून करून माझंच मनगट गेलं. डॉक्टरांनी तसाच पट्टा दिला. घरी येऊन मी तो दुसऱ्या हाताने लावला. पाच सेकंद लागले. मला इतका आनंद झाला की बुधवारी काकांनी हात पुढे करताच मी माझा पट्टा काढून, लावून दाखवला. "काका, हे बघा, एकट्याला जमतं."

काका बघत राहिले. "जमतं खरं," म्हणाले, आणि हात मागे घेतला. त्या दिवशी निकाल नाही, दुबई नाही.

पुढच्या बुधवारी बेल वाजली नाही. मंगळवारी जोशीकाकूंकडेही वाजली नव्हती, त्यांना वाटलं, हात बरा झाला असेल. संध्याकाळी काका गेटजवळच्या बाकावर एकटेच बसलेले दिसले. पट्टा मनगटावर बांधलेला होता. व्यवस्थित, जास्त घट्ट नाही, जास्त ढिला नाही.

शनिवारी मी माझा पट्टा सोडला आणि जिना चढून त्यांच्या दारात गेले. बेलवरून दोनदा बोट मागे घेतलं.

काकांनी दार उघडलं. मी हात पुढे केला.

"काका, मला जमत नाहीये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या पट्ट्याकडे. सावकाश बांधला, एकदा सोडून परत बांधला. मी मनगट फिरवलं.

"बरा आहे," मी म्हटलं.

"बुधवारी येत जा," काका म्हणाले. "बुधवार मोकला हाय माजा."