साहेब, कारकून आणि एक झाड

चार दिवस काहीच करायचं नव्हतं. बाबांची खरी अडचण तीच झाली.

शाळेच्या शिबिराला जाताना लेकीने माशांच्या गोल भांड्यावर चिठ्ठी चिकटवली होती : ‘दोन वेळा दोन चिमटी खाऊ. बाकी काही करायचं नाही.’ तिने आईला सोडून बाबांवर काही सोपवण्याची ही पहिलीच वेळ. (मागच्या वर्षी तिचं निवडुंग बाबांनी पाणी घालघालून मारलं होतं. ती तेव्हा काहीच बोलली नाही. ती ओरडली असती तर बाबांना बरं वाटलं असतं.)

मासे दोन. जाडा, तोंड सतत उघडं ठेवणारा तो साहेब. बारीक, लांब शेपटीचा तो कारकून. नावं बाबांनीच ठेवली होती.

पहिल्याच संध्याकाळी बाबांना वाटलं, दिवसभर गोल फिरून हे बिचारे कंटाळत असतील. ऑफिसखालच्या स्टेशनरीच्या दुकानातून त्यांनी प्लॅस्टिकचं एक हिरवं झाड आणलं आणि बुडाचा दगड धरून अलगद पाण्यात सोडलं. चिठ्ठीतलं ‘बाकी’ म्हणजे त्रासदायक गोष्टी. भेटवस्तू त्यात येत नाही, असा अर्थ त्यांनी लावला.

सकाळी कारकुनाची शेपटी फाटलेली होती.

“अगं, हे बघ! काल एवढी नव्हती फाटलेली!”

“काल केवढी होती?” आईने विचारलं.

सर्व्हे ऑफिसात वीस वर्षं नकाशे ट्रेस करणाऱ्या माणसाकडे घरातल्या माशाचं माप नसावं, हे बाबांच्या मनाला लागलं. त्यांनी भांड्याला ट्रेसिंग पेपर लावला, पेन्सिल घेतली आणि शेपटीची सीमारेषा आखायला सुरुवात केली. मग मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला.

“शेपटी दीड इंच आहे. पाच मिनिटांपूर्वी तीन इंच होती. दर मिनिटाला कमी-जास्त होतेय हो!”

“काका, भांडं गोल आहे का?”

“गोल आहे.”

“मग मासा काचेजवळून लांब गेला की वेगळाच दिसणार. माप सोडा. कड पांढरट झालीय की नुसती फाटलीय?”

“नुसती फाटलीय.”

“मग सडलेली नाही, ओरबाडलीय. रोज थोडं पाणी बदला, स्वच्छ पाण्यात ठेवा, आपोआप भरून येईल. आत काही टोकदार आहे का?”

“छे! आत फक्त साहेब आहेत.”

फोन ठेवता ठेवता बाबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साहेब! कारकुनाची शेपटी दुसरं कोण कुरतडणार? (या निष्कर्षाचा त्यांना थोडा आनंदही झाला. ऑफिसातल्या साहेबांनी त्यांची रजा त्याच आठवड्यात नाकारली होती.)

साहेबाची रवानगी बिस्किटांच्या रिकाम्या बरणीत झाली. पण बाबा निर्दयी नव्हते. एकटा पडलाय, करमणूक हवी, म्हणून झाडही त्यांनी बरणीत हलवलं.

दुसऱ्या दिवशी कारकून मजेत पोहत होता. साहेबाची शेपटी मात्र चिरलेली!

बाबा बरणीसमोर स्टूल टाकून बसले. “एकट्याची फाटली. म्हणजे हा स्वतःलाच चावतो?”

“अहो, त्याची मान तरी वळते का तिथवर?”

“मग कोण? बरणीत दुसरं कोणीही नाही!”

“बाहेर तुम्ही आहात,” आई म्हणाली आणि निघून गेली.

बाबांनी खरंच क्षणभर विचार केला. मग पाणी बदललं, सहा नवे नकाशे काढले, आणि लेक उद्या येणार या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. पुन्हा ती काहीच बोलणार नाही, नुसती बघेल.

तसंच झालं. लेक आली. पाठीवरची बॅग न उतरवता तिने भांडं बघितलं, बरणी बघितली, भिंतीवरचे आठ नकाशे बघितले. मग दोरीवरचा बाबांचा नायलॉनचा मोजा घेतला, बरणीतून झाड उचललं आणि मोजा त्याच्या पानांवरून सावकाश ओढला.

चर्र! मोज्याचे धागेच धागे निघाले.

“म्हणजे साहेब निर्दोष?” बाबांनी हळूच विचारलं.

“बाबा,” ती म्हणाली, “साहेबांना आधी घरी आणू.”

एवढंच. पण भांड्यात साहेबाला सोडताना तिने गाळणी बाबांच्याच हातात दिली, तेव्हा बाबांना जरा हायसं वाटलं.

संध्याकाळी भांड्यावर नवी चिठ्ठी होती : ‘दोन वेळा दोन चिमटी. आईने.’ आणि बाबांच्या टेबलावर रिकाम्या बरणीत ते झाड. त्याखाली तिच्याच नीटस अक्षरात : ‘बाबांच्या करमणुकीसाठी.’

बाबांनी या वेळी झाड पानांना धरून उचललं.

“आई गं!”

“काय झालं?” आतून आईने विचारलं.

“बोट फाटलं!”

“कड पांढरट झालीय की नुसतंच फाटलंय?”

“नुसतंच.”

“मग स्वच्छ पाण्यात ठेवा,” आई म्हणाली, “आणि बाकी काही करू नका.”