दुसऱ्या मंगळवारचा कंदील

सोमवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून एक कंदील विकला गेला. तो त्या दुकानात अकरा वर्षे होता. घेणारे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त सरकारी नोकर. त्यांनी पक्के बिल मागून घेतले, कंदील जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि काखोटीला मारून घरी नेला. घटना एवढीच. बाकीचे सगळे तिच्यातून निघाले.

गृहस्थांना गावात भाववाले म्हणत. एकतीस वर्षे ते दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठरलेल्या दुकानांत जाऊन ठरलेल्या वस्तूंचे भाव टिपत आले होते. त्या भावांवरून सरकार महागाईचा आकडा काढते, आणि त्या आकड्यावरून निवृत्तांचे पेन्शन व अपंगांचा भत्ता वर्षातून एकदा वाढतो. मात्र वर्षभरात महागाई पाच टक्के तरी चढली पाहिजे. त्याच्या आत राहिली, तर पुढच्या वर्षी बघू. गेल्या वर्षी ती चार पूर्णांक नऊवर येऊन थांबली होती.

भाववाल्यांच्या घरात दोन माणसे. ते स्वतः, आणि त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी बहीण. कारखान्यातल्या अपघातानंतर ताईंना कमरेखाली हालचाल नव्हती. रोज सकाळी एक मावशी येत, त्यांना पलंगावरून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवत, अंघोळ घालत, केस विंचरत. भाववाल्यांची पाठ गेलेली; त्यांच्याने ताई उचलल्या जात नसत. एकदा प्रयत्न झाला होता. तेव्हा मावशींना दोघांनाही उचलावे लागले होते.

मावशींना पलीकडच्या गल्लीतून जास्त पैशांचे बोलावणे आले होते. त्यांनी ते लपवले नाही.

"तुमची वाढ होऊ दे, मग माझी करा," त्या म्हणाल्या. "नाही झाली तर मला तिकडे जावं लागेल. ताईंना सोडून जाताना मला काही बरं वाटणार नाही, पण माझ्याही घरात चूल आहे."

"यंदाची वाढ मी आणतो," भाववाले म्हणाले.

"म्हणजे? सरकार तुला विचारून महागाई करतं का?" ताईंनी विचारले.

त्यांनी समजावून सांगितले. सरकारी यादीत अजूनही एक कंदील होता. वातीचा, मध्यम, काचेसकट. गावात कंदील वापरणारे घर उरले नव्हते. दुकानदाराने एक नग वरच्या फळीवर ठेवला होता, तो फक्त भाव सांगण्यापुरता. विकायचाच नाही, तर भाव कशाला वाढवायचा, म्हणून अकरा वर्षे तो एकच भाव सांगत आला. सगळे चढत होते आणि कंदील एकटा आकड्याचा पाय खाली ओढत होता. आता नियम असा, की एखादी वस्तू लागोपाठ तीन महिने मिळाली नाही, तर ती यादीतून काढायची आणि तिच्या जागी चालती वस्तू घालायची. कंदिलाच्या जागी बॅटरीचा दिवा येणार. तो दर वर्षी महाग होतो.

"एका कंदिलाने काय होतंय?"

"गेल्या वर्षी एक दशांश कमी पडलं, ताई. एक दशांश म्हणजे एका कंदिलाएवढंच असतं."

"अरे, पण हे बरोबर आहे का?"

"दुकानात जाऊन, पैसे देऊन वस्तू घ्यायची. यात चूक काय? आणि मी बिल घेणार आहे."

बिलावर त्यांची श्रद्धा होती. म्हणून सोमवारी त्यांनी बिल मागितले. दुकानदाराने ते लिहिताना मान वर केली नाही.

"साहेब, एकतीस वर्षांत तुम्ही माझ्या दुकानात पाणीसुद्धा प्यायला नाहीत. नियम म्हणालात. आता तर निवृत्त झालात. अर्ध्या भावात घ्या. नाही म्हणू नका."

भाववाल्यांना नाही म्हणता आले असते. पण एकतीस वर्षे न प्यायलेले पाणी एकदम गळ्याशी आले. त्यांनी अर्धे पैसे दिले, आभार मानले आणि बिल घडी करून खिशात ठेवले.

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी भाव टिपणारी नवी बाई दुकानात शिरली. तिला या कामासाठी भाववाल्यांनीच तयार केले होते. ते समोरच्या फुटपाथवर, चष्मेवाल्याच्या पाटीआड उभे होते. बाई सात मिनिटांनी बाहेर आली आणि सरळ रस्ता ओलांडून त्यांच्यापाशी आली.

"सर, पाटीखालून तुमचे बूट दिसतात."

"सहज उभा होतो. काय, कंदील मिळाला नाही ना?"

"नाही मिळाला. काल विकला गेला म्हणे. मी अर्ध्या भावाने लिहिला."

"अर्ध्या? वस्तूच नाही तर भाव कुठून आला?"

"वस्तू पहिल्यांदा संपली असेल, तर शेवटची जितक्याला विकली गेली ती किंमत बिलाची प्रत पाहून लिहावी. कलम चौदा." ती जरा थांबली. "सर, ते कलम तुमच्याच अक्षरात आहे. दुकानदार तोंडाला येईल तो भाव सांगतात, म्हणून तुम्ही घातलं होतं."

आपलेच दात, आपलेच ओठ. भाववाले तसेच दुकानात गेले आणि उरलेले अर्धे पैसे गल्ल्यावर ठेवले. दुकानदाराने ते परत सरकवले. त्यांनी पुन्हा पुढे केले. असे चार वेळा झाले.

"साहेब, दिलेली सवलत मी मागे घेतली, तर लोक मला काय म्हणतील?"

"मग कंदील परत घ्या."

"परत घेईन की. पण मग तो वापरलेला माल. त्याचा भाव आणखी उतरतो."

भाववाले घरी आले. तोवर दुसरीच गोष्ट गावात फिरू लागली होती. सोमवारी त्यांना कंदील नेताना पाचसात जणांनी पाहिले होते. एकतीस वर्षे सरकारात काढलेला माणूस कधी नव्हे तो कंदील विकत घेतो, तेही वर्तमानपत्रात झाकून, याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला. बुधवारी सकाळी शेजारच्या शिंपिणीने खिडकीतून विचारले, "वीज कधीपासून जाणार आहे हो?"

"कोण म्हणालं?"

"कोणी म्हणायला कशाला पाहिजे? आम्हाला डोळे आहेत."

ते नाही म्हणाले. त्यांनी नाही म्हटले, म्हणजे नक्कीच जाणार, असे ठरले. गुरुवारपर्यंत गावातल्या मेणबत्त्या संपल्या. शुक्रवारी त्या दुप्पट भावाने आल्या आणि पुन्हा संपल्या. मेणबत्ती सरकारी यादीत नव्हती.

शनिवारी मावशी ताईंचे केस विंचरताना म्हणाल्या, "मी दोन डझन घेऊन ठेवल्या. हातात होते तेवढे पैसे गेले. आता वाढीचं जरा लवकर बघा."

ताईंनी आरशातून भावाकडे पाहिले.

"ऐकलंस? महागाई झाली. तुझ्या वहीत सोडून सगळीकडे."

वीज गेली नाही. कंदील ताईंच्या खिडकीत उभा होता. भाववाले रोज त्याची काच पुसत. दुसरे काय करावे, ते त्यांना सुचत नव्हते.

पुढच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकराला दहा मिनिटे असताना, दारावर थाप पडली. नवी बाई उभी होती. हातात वही, कानावर पेन्सिल.

"सर, दुकानात कंदील नाही. दुसऱ्यांदा मिळाला नाही, तर गावात दुसरीकडे कुठे विकायला आहे का, ते पाहायचं असतं."

"कलम पंधरा," भाववाले म्हणाले.

"हो. गावात एकच कंदील आहे, तो तुमच्याकडे. विकायचा आहे का?"

भाववाल्यांनी तोंड उघडले. विकायचा नाही म्हटले, तर दुसरा महिना कोरा जाईल आणि आणखी एका महिन्याने यादी बदलेल. पण यंदा आकडा महिनाभर आधी, याच महिन्याच्या अखेरीस काढायचे नुकतेच ठरले होते, आणि त्यात गेल्या महिन्याचा अर्धा भावच राहणार होता. विकायचा आहे म्हटले, तर भाव सांगावा लागेल, आणि तो लिहिला जाईल. कितीही असला तरी.

"तुम्ही बोलू नका, सर," बाई हलक्या आवाजात म्हणाली. "ज्याला आकड्यातून फायदा आहे, त्याने भाव सुचवायचा नाही. तुम्ही आत जाऊन बसा."

"हेही माझंच?"

"कलम तीन."

"फायदा तर मलाही आहे," ताई खुर्चीतून म्हणाल्या.

"पण कंदील तुमच्या खोलीत आहे. ज्याच्या ताब्यात वस्तू, त्यालाच विचारायचं. दुसरं कोणी नाहीच."

मावशींच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. भाववाले स्वयंपाकघरात गेले आणि नियमाप्रमाणे दार लावून घेतले. आत त्यांना खुर्चीच्या चाकाचा आवाज आला, मग काच टेकल्याचा, मग ताईंचा आवाज. शब्द कळले नाहीत. पेन्सिल चालल्याचा आवाज मात्र त्यांनी एकतीस वर्षांच्या सवयीने ओळखला. आकडा तीन अंकी होता. त्यापलीकडे पेन्सिल सांगत नाही.

बाई गेल्यावर ते बाहेर आले.

"काय सांगितलंस?"

"जो आहे तो."

"म्हणजे किती?"

"अरे, कलम तीन," ताई म्हणाल्या आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

त्यांनी मावशींकडे पाहिले. मावशी टॉवेलाची घडी घालत होत्या. चार कोपरे जुळवून झाल्यावर त्यांनी ती मोडली आणि पुन्हा घातली.

वही मुख्य कार्यालयात पोचल्याची पावती आली आहे. वाढ अजून जाहीर झालेली नाही. कंदील खिडकीत आहे. मावशींनी उद्या येते म्हणून सांगितले आहे. परवाचे त्यांना कोणी विचारलेले नाही.