कुंदाबाई नापास

शेजारच्या गावात भरदिवसा चाकू दाखवून दुकान लुटलं, हे कानावर आलं आणि सालेकशाच्या हुकुमचंद शेठनी आपल्या सोन्याचांदीच्या दुकानात कराटेचे मास्तर आणले. शिकणारे दुकानातले दोघंच नोकर. खुशाल, वय तिशीचं, आणि कुंदाबाई, वय पन्नाशीपुढचं, गुडघे त्याहून म्हातारे. बावीस वर्षं त्या दारात गिऱ्हाइकांच्या चपला सांभाळत आणि गादीवर पाणी देत.

उमेंद्र मास्तरांनी पंधरा दिवस शिकवलं. चोर आला की ओरडायचं, हात पिरगळायचा, लाथ घालायची. खुशालने सरावात दुकानाचा आरसा फोडला आणि शाबासकी मिळवली. कुंदाबाईंची लाथ जमिनीपासून वीतभर उठे आणि तिथूनच परत येई.

"बाई, चोर समोर आला तं काय करसान?" मास्तरांनी परीक्षेत विचारलं.

"मांगते ते देऊन टाकीन."

मास्तरांनी वहीत 'नापास' लिहिलं. शेठनी ते वाचलं.

"कुंदाबाई, एक तारखेपासून घरीच आराम करा."

आवाज मऊ होता, पण नोकरी गेली ती गेलीच. एकट्या बाईने आराम करायचा तर चूल कोण पेटवणार, हा प्रश्न शेठना पडला नाही. कुंदाबाईंना रात्रंदिवस पडला होता.

मे महिना. उन्हापायी जो तो तोंडाला दुपट्टा बांधून फिरत होता, त्यामुळे चोर कोण आणि साव कोण हे ओळखायचा मास्तरांचा धडा आपोआप बाद झाला. महिना संपायला चार दिवस असताना भर दुपारी असाच एकजण आला. लक्ष्मीच्या गादीवर चपला घालून कोणी चढत नाही, म्हणून त्यानेही त्या दारात काढल्या. कुंदाबाईंनी पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने चाकू काढला.

खुशाल शिकवल्याप्रमाणे ओरडला, लाथ उचलली आणि गादीच्या चादरीवरून घसरून सपशेल आडवा झाला. शेठ भिंतीला चिकटले. कुंदाबाईंनी चांदीच्या तोरड्यांची पिशवी मुकाट्याने पुढे सरकवली. चोर ती घेऊन दाराकडे धावला, पायरीवर थबकला, खाली इकडेतिकडे पाहिलं आणि तसाच डांबरी रस्त्यावर उतरला.

दहा पावलांत तो नाचायला लागला. मग मटकन खाली बसला, पण तेही सोसेना म्हणून उठला. समोरच्या पानठेल्यावरच्या माणसांनी त्याला सावलीत ओढून धरून ठेवलं.

"कुंदाबाई, काय डोकं लावलं तुमी," शेठ घाम पुसत म्हणाले. "बरोबर चपला लपवल्या."

"लपवीन कायले? कुत्रं नेते म्हणून साऱ्यांच्याच आत फळीवर ठेवा लागते. इतके वर्ष तेच तं करून राहिली मी."

शेठच्याही चपला रोज त्याच फळीवर असायच्या, आणि त्या तिथे कोण ठेवतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. त्यांनी मास्तरांच्या वहीतलं 'नापास'चं पान फाडलं.

"एक तारखेले येजा. लाथ नाही आली तरी चालते."

कुंदाबाईंनी मान हलवली. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण लक्ष रस्त्यावर होतं. तेवढ्यात जमादार आले आणि पुरावा म्हणून चोराच्या चपला मागू लागले. कुंदाबाईंनी त्या पदराआड धरल्या.

"पुरावा ठाण्यात घ्या, साहेब," त्या म्हणाल्या. "तिथपर्यंत त्याच्या पायात राहू द्या."