आतून कडी लागलेला पत्ता

आमच्या सासरवाडीत कॉम्प्युटरमधलं कळणारा एकच माणूस. तो म्हणजे मी! म्हणून सासऱ्यांच्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानाला आपल्या लिपीतला वेबपत्ता मिळवून द्यायचा विडा मी भर जेवणात उचलला.

"मामा, आता इंग्रजी अक्षरांची कटकट नाही. लोक मराठीत टाइप करतील आणि थेट तुमच्या दुकानात!"

"पाटीवर फोन नंबर आहे की!" सासरे म्हणाले.

"नंबर कोण बघतं हल्ली!" असं म्हणून मी तो पुसायला लावला आणि तिथे भल्यामोठ्या अक्षरांत नवा पत्ता रंगवून घेतला.

नोंदणीच्या फॉर्मवर संपर्कासाठी ईमेल मागितला होता. मी ऐटीत त्याच नव्या पत्त्यावरचा, मराठी अक्षरांतला ईमेल भरला. 'वैध पत्ता भरा!' फॉर्म खेकसला. सात वेळा! शेवटी नोंदणी कंपनीतल्या बाईंना फोनवर मी इतकं झापलं, की त्यांनी तो स्वतः भरून दिला. ती मेलपेटी मी नंतर एकदाही उघडली नाही. पत्ता मिरवायला घेतला होता, वाचायला थोडाच!

सोळाव्या दिवशी दुकानाची वेबसाइट गायब! मी फोन लावला. त्याच बाई.

"सर, पडताळणीचा मेल पाठवला होता. पंधरा दिवसांत त्यातली लिंक दाबली नाही, की नियमानं वेबपत्त्याचं नाव गोठवतात."

"मग परत पाठवा!"

"पाठवलाय. तुमच्याच पत्त्यावर."

"अहो, तो ईमेल त्याच नावावर चालतो! आणि नाव तुम्ही गोठवलंय!"

"हो सर. नाव सुरू झालं की मेल दिसेल."

"आणि नाव कधी सुरू होणार?"

"मेलमधली लिंक दाबलीत की."

"मग ईमेल बदला!"

"बदलायला परवानगी लागते सर. ती जुन्या ईमेलवर मागतो आम्ही."

मी कपाळ बडवून घेतलं.

इकडे फोन नंबर उरला होता फक्त वेबसाइटवर, त्यामुळे दुकानात चार दिवस एक फोन नाही. सासरे हत्यारं पुसत बसलेले. पाचव्या दिवशी समोरच्या गल्लीतल्या एक बाई धापा टाकत आल्या. दार ओढलं गेलेलं, आत गॅसवर दूध! "पाटीवर नंबर कुठं गेला हो तुमचा?" सासरे पेटी उचलून धावले. दूध जळलं, घर वाचलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आल्यावर त्यांनी माझी सगळी हकीकत ऐकून घेतली.

"म्हणजे जावईबापू, किल्ली आत ठेवून तुम्ही दार ओढून घेतलंत."

चाळीस वर्षं ते हे वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवताहेत. त्यापुढचंही ठरलेलं: "दुसरी किल्ली शेजाऱ्याकडे ठेवत चला."

"त्या कंपनीला ऑफिस आहे ना? त्याला दार आहे ना?" एवढं विचारून दुकानाचा परवाना खिशात घालून ते चालत निघाले. परवाना दाखवून ईमेल बदलून घेतला आणि तासाभरात परतले. नाव सुरू! पाटीवर फोन नंबरही परत आला, पत्त्याच्या दुप्पट आकाराचा.

नव्या नोंदीचा कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला. मालक: स्वतः. संपर्क: मुलगी. ती न सापडल्यास: शेजारचा न्हावी. आणि तळाशी शेरा: 'जावयांच्या हाती किल्ली देऊ नये.'

"मामा, असला शेरा कंपनीतल्या त्या बाई मारूच कशा देतील?" मी उसळलो.

सासऱ्यांनी नुसतं बोट ठेवलं. शेऱ्याखाली शिक्का होता, आणि त्याच बाईंची सही.