चौथीचा वर्ग वनात भरतो

दर्यापूरकडच्या एका शाळेत चौथीला खोली नव्हती आणि अकरा वर्षांत तिची उणीव कुणाला भासलीही नव्हती. शाळेमागे बाभळी, हिवरं आणि एक जुनी बोर आपल्या आपण वाढली होती. त्यांच्या सावलीत चिंतामण मास्तर पाढे म्हणवून घेत.

छप्पन सालच्या आषाढात वरून हुकूम आला. प्रत्येक शाळेने आवारात देशी वृक्षांचे छोटे वन निर्माण करावे. रोपे शंभर. प्रत्येक रोपास काटेरी कुंपण आवश्यक.

"मागे वन आहेच की," मास्तर चाचरत म्हणाले.

हेडमास्तर वामनरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "ते लावलं कोणी? कोणत्या तारखेला? कोणाच्या हस्ते? जे लावलंच नाही, ते अहवालात दाखवता येत नाही, चिंतामणराव. ते नुसतं उगवलेलं आहे."

हुकुमातली एखादी ओळ आपल्याच नजरेतून सुटली असेल, असं वाटून मास्तरांनी हुकूम पुन्हा वाचायला घेतला.

कडुनिंबाची आणि करंजाची रोपं आली. नत्थुजी शिपायाने कुऱ्हाडीला धार लावली.

"शंभर कुंपनाले काटे काय बजारातून आनू? मागं इतकं बन उभं हाय."

"अहो, पण चौथी बसेल कुठं?"

"तुमी बी ना मास्तर! झाडं लावून राहिलो न आपन? त्यायच्याच सावलीत बसा."

तीन दिवसांत बन आडवं झालं. बोर शेवटी पडली. कुंपणं अशी घट्ट झाली की बकरीचं तोंड आत शिरेना. पाण्याची बादलीही शिरेना. संक्रांतीपर्यंत आत शंभर काड्या उरल्या. अहवाल मास्तरांनीच लिहिला, कारण शाळेत अक्षर त्यांचंच चांगलं. 'वन सुस्थितीत. जनावरांचा उपद्रव शून्य.'

फाल्गुनात चौथीतली सिंधू उन्हाने भोवळ येऊन पडली. मास्तरांनी आयुष्यातला पहिला अर्ज केला. चौथीला सावली मिळावी. उत्तर पंधरा दिवसांत आलं, इतक्या लवकर तिकडून कधी काही येत नसे.

'आपल्याच हस्ताक्षरातील अहवालानुसार शाळेत शंभर वृक्षांचे वन आहे. वर्ग तेथेच भरवावा.'

वर्ग कुंपणांच्या मधल्या उघड्या जागेत भरू लागला. चैत्रात डिप्टीसाहेब तपासणीला आले. नत्थुजीने त्यांच्या डोक्यावर छत्री धरली.

"कुठं बसता रे तुम्ही?"

"वनात, साहेब!" पढवलेली चौथी एका सुरात ओरडली. सिंधूच्या डोक्यावर मास्तरांचा ओला रुमाल होता.

साहेबांनी जागच्या जागी उत्तम वनाच्या पहिल्या बक्षिसाची शिफारस केली.

बक्षीस समारंभाला अख्खं गाव लोटलं. त्यातला एकेक जण त्याच बोरीखाली बोरं वेचून मोठा झालेला. "काहून तोडली?" एवढंही कुणाच्या तोंडून निघालं नाही. टाळ्या मात्र कडाडल्या. मास्तरांनी खाली पाहिलं, तर त्यांचेही हात वाजत होते.

टाळ्या वाजवून झाल्या की आपलेही तळवे एकदा उजेडात धरून बघा. बोरीच्या काट्याची जुनी खूण सापडेल.