तळ्याच्या चित्राची वाटणी

एका जंगलात, मुलांनो, सगळे काही होते. फक्त महोत्सव नव्हता. शेजारच्या जंगलात मात्र दोन होते. ही गोष्ट वाघमहाराजांच्या मनाला फार लागली. त्यांनी लगेच समिती नेमली आणि समितीने दवंडी पिटली : 'तळ्याकाठी निसर्गचित्र सप्ताह! चित्रकारांनी उघड्यावर बसावे आणि समोर दिसेल तेच रंगवावे.'

त्या जंगलात गोदूताई नावाची एक साळिंदरबाई राहत होती. ती पाट्या रंगवायची. 'महाराज विश्रांती घेत आहेत.' 'बिळासमोर उभे राहू नये.' अंगावरचे गळलेले काटे हेच तिचे कुंचले. अक्षर असे वळणदार, की वाचता न येणारेही थांबून बघत.

पण हल्ली तिला अक्षरांच्या कडा धूसर दिसू लागल्या होत्या. ती घुबडवैद्यांकडे गेली. वैद्यांना स्वतःला दिवसा दिसत नसे, पण डोळ्यांचे निदान अचूक.

"वर्षभर दिसेल," ते म्हणाले. "पुढचे सांगता येत नाही. काय बघायचे ते बघून घ्या, ताई."

गोदूताईला काय बघायचे ते ठाऊक होते. तिला तळे बघायचे होते. आणि आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर रंगवून झाल्यावर एकदा ते आपल्या मनासारखे रंगवायचे होते. तिने सप्ताहात नाव घातले.

सोमवारी तिने चौकटीवर कापड ताणून बसवले आणि दिवसभर नुसते पाणी रंगवले. काठाशी हिरवे, मध्ये निळे, पलीकडे जिथे डोंगराची सावली पडते तिथे जवळजवळ काळे. संध्याकाळी हात आखडला होता, पण ती घरी गेली ती गुणगुणतच.

मंगळवारी समितीचे अध्यक्ष गवेसाहेब पाहणीला आले. आले ते थेट तिच्या समोर येऊन उभे राहिले.

"साहेब, जरा बाजूला होता का? तळे दिसत नाही."

"नियम वाचलात ना?" गवेसाहेब म्हणाले. "समोर दिसेल तेच रंगवायचे. समोर कोण आहे?"

"आपण."

"मग?"

गोदूताईने गवेसाहेब रंगवले. ते आकाराने भरगच्च असल्यामुळे निम्मे तळे त्यांच्याखाली गेले.

ही बातमी पसरायला कितीसा वेळ? बुधवारी रानडुकरीण वहिनी आठ पिल्लांना तळ्यात आंघोळ घालून आल्या. "आमचे फार काही नाही हो," त्या म्हणाल्या. "कुठेतरी कोपऱ्यात घ्या. पण आठही दिसू देत. नाहीतर राहिलेले रडत बसेल." गुरुवारी अस्वल आले आणि आपला चेहरा डावीकडून बरा दिसतो म्हणाले. शुक्रवारी वानरांचे अख्खे मंडळ आले. प्रत्येकाला नियम पाठ होता.

शनिवारी कापडावर दोन बोटे पाणी उरले होते. तिथे तरस येऊन उभे राहिले.

"इथे नाही," गोदूताई म्हणाली. "इथे तळे आहे."

"तळ्याला कोण ओळखते, ताई?" तरसाने समजूत घातली. "ते रोज तिथेच असते. मी फिरतीवर असतो."

"नाही म्हटले ना!" तिने पाठीवरचे काटे फुलवले. आयुष्यात पहिल्यांदाच. तरस दोन पावले मागे सरले आणि तक्रार करायला निघून गेले.

रविवारी महाराज आले. त्यांनी सगळी चित्रे पाहिली आणि गोदूताईच्या चित्रापुढे थांबले.

"वा! किती नैसर्गिक!" ते म्हणाले. "प्रथम क्रमांक!"

टाळ्या पडल्या. हार घातला. मग प्रश्न आला, की चित्र लावायचे कुठे?

"माझ्या दालनात," गवेसाहेब म्हणाले. "मध्यभागी मी आहे."

"आणि आमची आठ आहेत, त्याचे काय?" वहिनी उसळल्या.

भांडण वाढले. अस्वलाने वानराच्या कानाखाली वाजवली. शेवटी समितीचे सचिव उंदीरभाऊ पुढे झाले. "सर्वांचा मान राखू," ते म्हणाले, आणि त्यांनी दातांनी प्रत्येकाची आकृती रेघेवरून सुबक कातरून दिली. कुणाची शेपटीसुद्धा तुटली नाही. जो तो आपापले चित्र घेऊन आनंदाने घरी गेला.

"माझे सहा दिवस होते हो ते," गोदूताई म्हणाली. पण तोवर ऐकायला कुणी उरले नव्हते.

तिने चौकट उचलली. आत नुसती भोके होती, आणि त्यांच्या मधे लोंबणारी दोन बोटे रंगवलेली निळाई. उरलेले कापड सोडवून घडी करून ठेवावे म्हणून तिने चौकट उजेडाकडे धरली.

भोकांतून तळे दिसत होते. मोठ्या भोकातून मधले निळे. आठ लहान भोकांतून काठाचे हिरवे. पलीकडे डोंगराची सावली, जवळजवळ काळी. रंगवलेले पाणी कुठे संपते आणि खरे कुठे सुरू होते, ते तिच्या धूसर डोळ्यांना कळेना.

ती खाली बसली. ऊन उतरेपर्यंत तिने चौकट तशीच धरून ठेवली होती.

तात्पर्य : मुलांनो, प्रत्येकाचे ऐकावे आणि प्रत्येकाला चित्रात घ्यावे. एकदा सगळे आपापला वाटा कातरून घेऊन गेले, की निसर्गचित्र आपोआप पूर्ण होते.